खेचरांच्या वाटेवरून

आपल्याकडे कालवा म्हटला की आधी पाण्याची पाळी आठवते. पाणी कधी सुटणार, शेवटच्या शेतापर्यंत पोचणार की वरच्या गावातच जिरणार, पाटकरी कोणाच्या बाजूचा, चारी कोणी फोडली, असल्या प्रश्नांत आपल्या कालव्याचा सारा संसार चालतो. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. तेवढी वर्षे मी प्रत्येक कालव्याला एकच प्रश्न विचारीत आलो, 'बाबा रे, तुझ्या पाण्याने किती क्षेत्र भिजले?' त्याचे उत्तर तक्त्यात भरले की माझे त्या कालव्याशी असलेले नाते त्या हंगामापुरते संपे.

वर्षभर या सदरात मी आपल्याच नद्यांच्या आणि धरणांच्या गोष्टी लिहितो. दिवाळीच्या अंकात संपादक चार पाने जास्त देतात आणि 'या खेपेला जरा लांबचे काही येऊ द्या' असेही सांगतात. तेव्हा वाचकहो, या दिवाळीला एका अशा कालव्याची हकीकत ऐका, की जो शेते भिजवण्यासाठी खणलाच नव्हता. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या कुशीतून तो जातो. त्याचे नाव चेसापीक अँड ओहायो कालवा. त्याच्या काठाने मी सायकलवरून गेलो, ते २०२३ सालच्या ऑक्टोबरात.

माझा भाचा मेरीलँड राज्यात नोकरीला आहे. 'मामा, तुम्ही जन्मभर कालव्याच्या भरावावरून सायकल मारलीत, आता आमच्याकडच्या कालव्यावर या,' असे तो दरवर्षी लिही. त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून पाहणीला जायचे तर माझ्या उमेदवारीच्या काळात सायकल हेच साहेबाचे आणि चौकीदाराचे वाहन होते. बहिणीच्या हातचे चार दिवस खाऊन मी ताजातवाना झालो. मग भाच्याने दोन सायकली, चार पिशव्या आणि पंक्चरचे सामान गाडीत घातले आणि आम्ही कंबरलँड या डोंगरातल्या गावी जाऊन उतरलो. तिथून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापर्यंत १८४॥ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर, अशी ती वाट आहे. तरुण मंडळी ती तीन-चार दिवसांत उरकतात. आम्ही माझ्या गुडघ्यांशी विचारविनिमय करून सहा दिवस ठरवले.

आता ही वाट कसली, ते सांगतो. हा कालवा नावांसाठी होता. डोंगरातला कोळसा नावेत भरायचा आणि खाली वॉशिंग्टनला न्यायचा. नावेला शीड नाही, इंजिन नाही. काठावरच्या वाटेने दोन-तीन खेचरे चालत आणि लांब दोराने नाव ओढून नेत. त्या वाटेला इंग्रजीत टो-पाथ म्हणतात, आपण खेचरांची वाट म्हणू. पाण्यात तरंगत्या ओझ्याला जमिनीवरच्या गाडीइतका अडथळा नसतो. त्यामुळे शंभर टनांहून जास्त कोळसा भरलेली, ९२ फूट लांबीची नाव दोन-तीन जनावरे बिनतक्रार ओढीत. चाल मात्र ताशी चार मैलांच्या पुढे जाऊ द्यायची नाही असा नियम होता. नाव जोरात गेली की लाटेने काठ धुपतो. काठाची धूप ही काय चीज आहे हे आमच्या खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो नियम वाचला आणि मला त्या कालव्याच्या अधिकाऱ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

कंबरलँड सोडल्यावर पहिल्या तासातच एक गोष्ट ध्यानात येते. इथे चढ नाही. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला कालव्याचा जुना खंदक आणि मधून ही आठ-दहा फुटांची वाट. खंदकात बहुतेक ठिकाणी आता पाणी नाही. त्यात झाडे उगवून ती माडाएवढी उंच झाली आहेत. मधूनच एखाद्या तुकड्यात पाणी साचलेले असते, त्यातल्या पडक्या ओंडक्यावर कासवे एकामागे एक ओळीने ऊन खात बसलेली असतात. आपली चाहूल लागली की शेवटचे आधी पाण्यात उडी घेते आणि मग सगळी पंगत उठते. नदीकाठाला पांढऱ्या खोडाचे सायकमोर वृक्ष आहेत. ऑक्टोबरात मेपलची पाने पिवळी-तांबडी होऊन वाटेवर पडतात, आणि चाकाखाली त्यांचा असा काही आवाज होतो की घंटी वाजवण्याची गरज पडत नाही. घंटी मात्र सायकलला असलीच पाहिजे, असा तिथला दंडक आहे.

सगळ्या वाटेत उतार म्हणाल तर ६०५ फुटांचा. आणि तोही सरळ नव्हे, ७४ पायऱ्यांनी. या पायऱ्या म्हणजे लॉक. दोन दगडी भिंतींमध्ये एक नाव जेमतेम मावेल एवढा हौद असतो, त्याला वर आणि खाली लाकडी दरवाज्यांची जोडी. नाव वरून आली की हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, आणि खालच्या दरवाज्यांच्या तळच्या झडपा उघडायच्या. हौदातले पाणी उतरू लागते, त्याबरोबर नावही उतरते. आठ फूट उतरून पाणी खालच्या पातळीला आले की पुढचे दरवाजे उघडायचे. दहा मिनिटांचे काम. दरवाज्यांची जोडी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटते, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. या युक्तीचे श्रेय लिओनार्दो दा व्हिंचीला देतात. मी प्रत्येक लॉकपाशी उतरून दगडांचे सांधे बोटाने तपाशी. भाचा पहिल्या दिवशी माझ्याबरोबर उतरला, दुसऱ्या दिवशी सायकलवर बसूनच थांबला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'मामा, तुम्ही या सावकाश, मी पुढे चहाचं बघतो.' सायकलवाल्याला या लॉकची एक वेगळी बक्षिशी आहे. प्रत्येक ठिकाणी वाट आठ फूट खाली उतरते. पायडल न मारता पाच-पन्नास पावले पुढे जायला मिळतात. अशा ७४ सुट्ट्या.

या कालव्याच्या जन्माची कथा मोठी नमुनेदार आहे. ४ जुलै १८२८ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते पहिली कुदळ मारायची होती. फावडे मातीत घातले ते मुळावर आपटले. पुन्हा घातले, पुन्हा तेच. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि नेट लावून मातीचे ढेकूळ उपटले, तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढे जनप्रेम त्या रुक्ष गृहस्थाच्या वाट्याला क्वचितच आले असेल. पण त्याच दिवशी शेजारच्या बाल्टिमोर गावी दुसरा एक समारंभ चालला होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकटेच हयात राहिलेले, नव्वदीचे चार्ल्स कॅरोल, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवीत होते. दोघांनाही ॲपलाचियन डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती. एकाच मुहूर्तावर दोन वऱ्हाडे निघाली, आणि नवरी एकच!

रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली. कालव्याला तिथे पोचायला १८५० साल उजाडले. तोवर १ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले होते. पुढे डोंगर चढून ओहायोला जाण्याचा विचार तिथेच सोडून देण्यात आला. ओहायोचे नाव मिरवणारा कालवा ओहायोला कधीच गेला नाही.

खर्चाचा आकडा तक्त्यात भरता येतो, पण ज्यांनी तो खणला त्यांचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. मजूर बहुतेक आयर्लंडहून आणलेले. १८३२ साली त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ आली. माणसे पटापट मेली, उरलेली काम टाकून पळाली. मजुरीच्या थकबाकीतून आणि कामाच्या टंचाईतून टोळ्याटोळ्यांत मारामाऱ्या झाल्या. १८३४ च्या जानेवारीत विल्यम्सपोर्टजवळ अशी लढाई पेटली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी लष्कर धाडले. मजुरांच्या तंट्यात मध्यवर्ती सरकारने फौज घातल्याचा त्या देशातला हा पहिलाच प्रसंग. सायकलवरून जाताना आपण ज्या सपाट वाटेचे कौतुक करतो ती अशी सपाट झालेली आहे.

पहिल्या दिवशी ४५ किलोमीटर तोडून आम्ही पॉ पॉ या खेड्यात मुक्काम केला. पॉ पॉ हे एका फळाचे नाव. या वाटेच्या कडेने त्याची झाडे दाट आहेत. हंगाम संपत आला होता, तरी भाच्याने पानाआडचे एक पिकलेले फळ शोधून काढले. कापले तर आत पिवळा मऊ गर आणि मोठ्या काळ्या बिया. चव घेतली आणि मी चकितच झालो. हे तर आपल्या सीताफळाचे चुलत भावंड! वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही ते एकाच कुळातले आहे. परमुलखात गावाकडचा माणूस भेटावा तसा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथला प्रसिद्ध बोगदा लागला. नदी इथे डोंगराला असे काही वेटोळे घालते की तिच्या काठाने जायचे तर सहा मैलांचा वळसा पडावा. म्हणून इंजिनीअरांनी डोंगरच फोडायचा ठरवला. ३,११८ फुटांचा बोगदा, कंत्राटदाराचा अंदाज दोन वर्षांचा. १८३६ साली काम सुरू झाले आणि मध्ये पैसे संपून बंद पडत-पडत १८५० साली पुरे झाले. (हे वाचून आमच्या खात्यातले निवृत्त मित्र गालातल्या गालात हसतील, हे मला ठाऊक आहे.) आत साठ लाख विटांचे अस्तर आहे. सायकल हातात धरून, विजेरी लावून आम्ही आत शिरलो. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला लाकडी कठडा आणि कठड्याखाली काळे पाणी. वरून थेंब ठिबकत होते. मध्यावर पोचल्यावर दोन्ही तोंडे सुपारीएवढी दिसू लागली. कठड्याच्या लाकडावर हात फिरवला तर बोटाला खाचा लागल्या. भाच्याने विजेरी धरली. दोर घासून-घासून लाकडाला पडलेल्या त्या खाचा होत्या. तो थोडा वेळ गप्पच उभा राहिला. मग म्हणाला, 'मामा, मी चारदा आलो इथे. हे कधी पाहिलं नव्हतं.'

बोगद्यातून एका वेळी एकच नाव जाऊ शके. त्यावरून एक कथा सांगतात. दोन नावा आत समोरासमोर आल्या, आणि मागे कोणी सरायचे यावरून दोघे तांडेल हटून बसले. दिवसामागून दिवस गेले, दोन्ही बाजूंना नावांची रांग लागली. शेवटी कालव्याच्या अधिकाऱ्याने वाऱ्याच्या तोंडाला मक्याची ओली ताटे पेटवून आत धूर सोडला, तेव्हा दोघेही खोकत बाहेर आले. पाण्याच्या पाळीवरून चारीवर रात्रभर कुऱ्हाड घेऊन बसणारे शेतकरी मी पाहिले आहेत. मला या कथेत अविश्वसनीय असे काहीच वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी हँकॉक गावाजवळ कालव्याला लागूनच एक गुळगुळीत डांबरी वाट लागली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, आमच्या वाटेवर चिखल होता. भाचा म्हणाला, 'मामा, या बाजूने जाऊ. ही जुन्या रेल्वेची जागा आहे, रूळ काढून सायकलसाठी वाट केली.' मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. रेल्वे? ती तर जिंकली होती ना? पण शर्यत एकदाच होते असे थोडेच आहे! कालव्याला रेल्वेने मागे टाकले, आणि पुढे मोटारींच्या दिवसांत कितीतरी रेल्वेमार्गांवरही गवत उगवले. त्या दिवशी आम्ही काही मैल कालव्याच्या वाटेने आणि काही मैल रुळांच्या जागेवरून गेलो. दोन्हीकडे सायकलच चालली.

विल्यम्सपोर्टला कॉनोकोचीग नावाच्या ओढ्यावरून कालवा दगडी जलसेतूने पलीकडे जातो. १९२० साली त्याची एक भिंत ढासळली आणि एक नाव पाण्याबरोबर खालच्या ओढ्यात जाऊन पडली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो तसाच तुटका होता. २०१९ साली तो दुरुस्त करून त्यात पुन्हा पाणी सोडले. पुलाखालून ओढा वाहतो आहे आणि पुलावरून कालवा, हे दृश्य मी किती वेळ पाहिले ते सांगत नाही. असे ११ जलसेतू या कालव्यावर बांधले होते. त्यांतला सर्वांत देखणा मोनोकसी नदीवरचा, सात कमानींचा, ५१६ फूट लांब, १८३३ साली पुरा झालेला. यादवी युद्धात १८६२ साली दक्षिणेच्या फौजेने तो सुरुंगाने उडवण्याचा घाट घातला होता. दगडी काम इतके पक्के निघाले की त्यांना तो नाद सोडावा लागला. ही प्रशंसा शत्रूने केलेली, म्हणून खरी.

चौथ्या दिवसाची मजल सर्वांत लांब, ६३ किलोमीटरांची. संध्याकाळी शेनान्डोआ नदी पोटोमॅकला मिळते तिथल्या हार्पर्स फेरीला पोचलो. गुलामगिरीविरुद्ध बंड करून जॉन ब्राऊनने इथला सरकारी शस्त्रसाठा १८५९ साली काबीज केला होता. संगम पाहावा तर इथला. दोन्हीकडून उभे कडे, मधून पाणी, आणि पाण्यावर रेल्वेचा पूल. माझे गुडघे मात्र इतिहास ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांना कढत पाणी हवे होते.

पाचव्या दिवशीचा मुक्काम मला सर्वांत जास्त आवडला. लॉकजवळ राखणदाराला राहायला घर दिलेले असे. त्यांतली काही घरे नीट करून आता वाटसरूंना रात्रीपुरती भाड्याने देतात. एडवर्ड्स फेरी येथले पंचविसाव्या लॉकचे घर आम्हाला मिळाले. विजेचा दिवा नाही, नळ नाही. भाच्याने कंदील लावला, मी पिठल्याचे पीठ भिजवले (बहिणीने ते पुडी बांधून दिले होते). जेवून बाहेर दगडावर बसलो. खालच्या नदीवर तरंगते पूल टाकून १८६३ च्या जूनमध्ये उत्तरेची फौज गेटिसबर्गच्या लढाईला इथूनच गेली. पण माझ्या मनात फौज येईना. मनात येत होता तो लॉकचा राखणदार. पगार वर्षाला १५० डॉलर, राहायला हे घर, भाजीपाल्याला थोडी जमीन. नाव रात्री-अपरात्री कधीही येई, शिंग वाजे, आणि याने उठून दरवाजे उघडायचे. नावेवर तरी काय निराळे होते? तांडेलाचे सारे बिऱ्हाड नावेवरच. दमलेली खेचरे नावेच्या पुढच्या भागातल्या तबेल्यात विसावा घेत, ताजी खाली उतरत, दर सहा तासांनी पाळी बदले. खेचरांमागे चालायला बहुतेक घरातलीच पोरे, पुष्कळदा अनवाणी. रांगते मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याला दोरीने नावेच्या टपावर बांधून ठेवीत. मार्चपासून पाणी गोठेपर्यंत हाच त्यांचा गाव, हीच शाळा. १८७० च्या दशकात अशा पाचशेहून जास्त नावा या पाण्यावर होत्या आणि वर्षाचा माल दहा लाख टनांच्या घरात गेला होता. म्हणजे शर्यत हरलेला कालवाही हजारो माणसांना पोटाला घालीत होता. हरला-जिंकला हा शब्द कंपनीच्या भागधारकांचा. पाळी सांभाळणाऱ्या माणसाला तो लागू पडत नाही.

मग १८८९ चा महापूर आला आणि कालव्याची कंपनी बुडाली. तिचे रोखे ज्यांच्याजवळ होते त्यांत मुख्य कोण? तीच ती बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे! तिच्या ताब्यात कालवा आणखी पस्तीस वर्षे रखडत चालला. १९२४ च्या पुराने तोही शेवट झाला. १९३८ साली मध्यवर्ती सरकारने २० लाख डॉलर देऊन तो विकत घेतला. बेकारीच्या त्या दिवसांत काळ्या तरुणांच्या छावण्या घालून वॉशिंग्टनजवळचे २२ मैल त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले. उरलेला कालवा झाडोऱ्यात पडून राहिला.

आणि आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगत बसलो ती गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर या पडीक पट्ट्यावरून मोटारींचा रस्ता काढावा अशी योजना पुढे आली. योजना मूर्खपणाची नव्हती. जागा सरकारचीच, सपाट, नदीकाठची. लोकांना देखावे मोटारीतून पाहायला मिळतील. 'वॉशिंग्टन पोस्ट' या मातबर पत्राने १९५४ च्या जानेवारीत अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. ते वाचून सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, विल्यम डग्लस, यांनी संपादकांना पत्र पाठवले. डग्लस मोठे पायपिटे. हिमालयातही भटकून आलेले. त्यांनी वाद घातला नाही, आकडे दिले नाहीत, कायद्याचे कलम दाखवले नाही. अग्रलेख लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर ही सारी वाट पायी चालावी, चालून झाल्यावर तो रस्त्याच्या विरुद्धच लिहील, अशा अर्थाचे निमंत्रण दिले.

संपादकांनीही ते स्वीकारले, हे मला त्या पत्राहूनही मोठे वाटते. २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून मंडळी निघाली. वाटेत सामील झालेले धरून पन्नासावर माणसे होती. २७ मार्चला वॉशिंग्टनला पोचले तेव्हा सबंध अंतर चाललेले नऊच उरले होते. पंचावन्न वर्षांचे न्यायमूर्ती त्या नवांत होते. दोघा संपादकांना सगळी वाट पुरी करता आली नाही. पण फोडांनी भरलेले पाय घेऊन ते कचेरीत गेले, आणि पत्राने रस्त्याचा पूर्वीचा आग्रह बराचसा सोडला. लगेच काही झाले नाही. १९६१ साली आयसेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, आणि ८ जानेवारी १९७१ रोजी निक्सन यांची सही होऊन तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. म्हणजे आठ दिवसांच्या चालण्याला फळ यायला सतरा वर्षे लागली. चिकाटीही त्या हिशेबात धरली पाहिजे.

सहाव्या दिवशी ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांवरून, एकामागून एक येणारे लॉक उतरत आम्ही जॉर्जटाउनला आलो. तिथे डग्लस यांचा अर्धपुतळा आहे. १९७७ साली हे उद्यान त्यांच्या नावाने अर्पण करण्यात आले. पुतळ्यापाशी एक आई मुलाला पहिलीवहिली सायकल शिकवीत होती. मागून धरलेला हात सुटला, मुलगा वीस-पंचवीस हात सरळ गेला. त्याला कालव्याचा इतिहास माहीत असण्याचे कारण नव्हते. वाट सपाट आहे, मोटार येत नाही, एवढे त्याला पुरेसे होते.

एक शेवटची गंमत राहिली. कंबरलँडच्या पुढे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून पिट्सबर्गपर्यंत दीडशे मैलांची सायकलवाट २०१३ साली पुरी झाली. पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ओहायो नदी सुरू होते. ज्या ओहायोसाठी १८२८ साली राष्ट्राध्यक्षांनी कोट काढला होता, तिथवर वॉशिंग्टनहून आता कालव्याच्या आणि रेल्वेच्या जागेवरून सलग जाता येते. १८५ वर्षे लागली, आणि पोचले कोण? तर सायकलवाले!

वाचक म्हणतील, हे सारे ठीक, पण त्याचे आम्हाला काय? सांगतो. पुण्यात मुठा उजवा कालवा शहराच्या मधून वाहतो. तो पुढे दौंड-इंदापूरकडची शेती भिजवतो, म्हणजे माझ्या तक्त्यात बसणारा, कामाचा कालवा आहे. शहरातल्या भागात गळती, बाष्पीभवन, चोरी, घाण ही दुखणी आहेत. २०१८ च्या सप्टेंबरात तो फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या गरिबांच्या घरांत पाणी शिरले. म्हणून खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्याने नेण्याची योजना आहे. इंजिनीअर म्हणून मला ती योग्य वाटते. जे पाणी टेलला पोचत नाही त्याचे दुःख मी जन्मभर पाहिले आहे.

पण पाणी बोगद्यात गेल्यावर वरची ती लांबच लांब, सपाट, झाडांची पट्टी मोकळी होणार. तिच्यावर अनेकांचे डोळे असतील. कोणी रस्ता म्हणेल, कोणी इमारती म्हणेल, कोणी बाग म्हणेल. काठावर राहणारी माणसे 'आमचे काय?' म्हणतील, आणि त्यांचा प्रश्न सर्वांच्या आधीचा आहे. यातले बरोबर काय, हे मी इथे बसून सांगणार नाही. मी एवढेच म्हणतो की ज्यांच्या सहीने ते ठरायचे, त्यांनी आधी एकदा ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालावी. नकाशा गुंडाळून ठेवावा, मोटार घरी ठेवावी. बरोबर एखादा चौकीदार घ्यावा, काठावरच्या वस्तीतली एखादी बाई घ्यावी, आणि वर्तमानपत्राचा एखादा संपादकही घ्यावा. अंतर डग्लस यांच्या मानाने फारच थोडे आहे. सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल.